तीन माणसांची लिफ्ट

आमच्या समितीत पाच जण होते आणि त्यांतला बाहेरचा सदस्य मी. नियमच आहे तसा. मनाच्या आजारातून सावरत असलेली माणसं ज्या निवासात राहतात, तिथल्या मोठ्या निर्णयाला एक बाहेरचा शहाणा माणूस लागतो. शहाणा मिळाला नाही म्हणून मला घेतलं. त्याआधी तीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहीत होतो. नळाला पाणी आलं की नाही मला माहीत नाही, पण उत्तर वेळेत गेलं नाही असं एकदाही झालं नाही.

निवास म्हणजे जुनी तीन मजली इमारत. मधोमध जाळीच्या दाराची लिफ्ट आणि लिफ्टभोवती गुंडाळलेला जिना. दवाखान्यातून सुटलेली, पण एकदम घरी जायला बिचकणारी पंधरावीस माणसं तिथे राहायची. आपापले कपडे धुवायची, आळीपाळीने भाजी चिरायची. चिरायची म्हणजे सुरी मोजून घ्यायची आणि मोजून परत द्यायची. मोजायचं काम कुलूपरावांचं.

कुलूपराव म्हणजे सुरक्षा अधिकारी. नाव अर्थातच तिथल्या राहणाऱ्यांनी ठेवलेलं. फाटकाला कुलूप, गच्चीला कुलूप, औषधांच्या कपाटाला दोन कुलपं, आणि सगळ्या किल्ल्या ज्या कपाटात, त्यालाही कुलूप. सूचनापेटीसुद्धा कुलूपबंद. ती महिन्याच्या शेवटी उघडायची, तोवर सूचना आत मुरत पडायच्या. पण माणूस वाईट नव्हता. सात वर्षांपूर्वी त्यांच्या पाळीला फाटक उघडं राहिलं आणि तिथल्या एक बाई निघून गेल्या. तिसऱ्या दिवशी सापडल्या, पाय मोडलेल्या. त्या पुढे बऱ्या झाल्या, घरी गेल्या, आता नातवंडांना शाळेत सोडायला जातात. कुलूपराव मात्र त्या फाटकापाशीच राहिले. त्या दिवसाबद्दल ते बोलत नाहीत, कुलूप लावतात.

त्या दिवशी समितीपुढे विषय होता मिस्त्रीचा.

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करणारा. वय बेचाळीस, हात सोन्याचे, असं त्याचे जुने मालकही म्हणायचे. दीड वर्षापूर्वी त्याची झोप उडाली. पहिल्या रात्री उत्साह वाटला, दुसऱ्या रात्री आणखी वाटला. पाचव्या दिवशी त्याने ठरवलं की शहरातल्या झाडून सगळ्या लिफ्ट आपण एकट्याने, एका दिवसात, फुकट नीट करायच्या. अकरा केल्याही. बाराव्या इमारतीत तो लिफ्टच्या टपावर बसून सगळ्यात वर जाऊन थांबला आणि खाली यायला तयार होईना, कारण वरून हिशोब जास्त स्वच्छ दिसतो असं त्याचं म्हणणं. त्याला उतरवायला चार तास लागले. त्यानंतर उत्साह गेला तो असा गेला की तीन महिने माणूस भिंतीकडे तोंड करून पडला. मग औषधं, मग हे निवास, मग हळूहळू भाजी चिरणं, मग तक्रार की सुरीला धार नाही. धारेबद्दल तक्रार करतोय म्हणजे माणूस बरा होतोय, असं मोठ्या सिस्टर म्हणाल्या. मोठ्या सिस्टर म्हणजे निवासाच्या प्रमुख परिचारिका. नावाप्रमाणेच मोठ्या, सगळ्याच बाजूंनी.

आता मालकांचा निरोप आला होता : पहिल्या तारखेपासून ये, जागा ठेवली आहे. फक्त निवासाकडून पत्र आण की तू उंचीवरचं काम करू शकतोस. पत्र नाही आणलंस तर दुसरा माणूस बघतो. पहिली तारीख सहा दिवसांवर होती. पत्र द्यायचं की नाही ते आम्ही ठरवायचं होतं.

मिस्त्रीची थोरली बहीण समितीत घरच्यांच्या बाजूने होती. तिला सगळे ताईच म्हणत. तळमजल्यावर लिफ्टची वाट बघत असतानाच तिने मला आपलं मत सांगून टाकलं.

"माझं मत साधं आहे. माझ्या नवऱ्याचं वह्या-पाकिटांचं दुकान आहे. तिथे स्टुलावर बसवते त्याला. स्टूल दीड फूट उंच. त्यावरून पडून कुणी मेल्याचं ऐकलंय का?"

"नाही बुवा."

"झालं तर. जीव आहे तर सगळं आहे."

"आणि त्याला काय वाटतं?"

"त्याला विचारायला तो शुद्धीवर कुठे असतो? लिफ्ट म्हटली की डोळे चमकतात मेल्याचे."

तेवढ्यात निवासाच्या डॉक्टरबाई आल्या आणि त्यांच्या मागून मिस्त्रीची फाइल आली. फाइलच्या मागे कुलूपराव असावेत असा अंदाज होता. दीड वर्षात मिस्त्रीबद्दल जे जे घडलं, जे घडू शकलं असतं आणि जे घडणं शक्य नव्हतं पण लिहून ठेवलेलं बरं, ते सगळं तीत होतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मी जिन्याने येते, ह्या डब्यावर माझा विश्वास नाही," आणि निघाल्या. आम्ही चौघं लिफ्टमध्ये शिरलो. फाइलला मांडीवर घ्यायची सोय नसल्याने ती मधोमध उभी राहिली.

लिफ्ट कुरकुरत निघाली. पहिला मजला गेला. दुसरा गेला. तिसऱ्याच्या जरा अलीकडे तिने एक लांब उसासा टाकला आणि थांबली.

कुलूपरावांनी बटण दाबलं. मग जोरात दाबलं. मग आपण अधिकारी आहोत हे कळावं अशा रीतीने दाबलं. लिफ्टला कळलं नाही.

आमच्या डोळ्यांसमोर जाळीपलीकडे तिसऱ्या मजल्याची फरशी होती आणि फरशीवर दोन चपला येऊन थांबल्या.

"ह्या माझ्या नवऱ्याच्या चपला!" ताई ओरडली.

"तूच दिल्यास, ताई," चपलांच्या वरून मिस्त्रीचा आवाज आला. बैठक तिसऱ्या मजल्यावर होती आणि तो तासाभरापासून दाराबाहेर वाट बघत होता. तो उकिडवा बसला. गुळगुळीत दाढी केलेला त्याचा चेहरा आमच्या समोर आला. "किती जण आहात?"

"चार," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आणि फाइल," मी म्हणालो. तक्रारखात्यातल्या माणसाने तपशील सोडू नये.

"मोटर तापून बसली. तीन माणसांची लिफ्ट आहे. आत पाटी आहे ना?"

आम्ही चौघांनी वळून पाहिलं. भिंतीवर कुलूपरावांच्या सहीची छापील सूचना होती : 'सुरक्षितता ही आपल्या सर्वांची जबाबदारी आहे.'

"तिच्याखाली बघा," मिस्त्री म्हणाला.

डॉक्टरबाईंनी नखाने कोपरा सोलला. खाली पितळेची जुनी पाटी होती. तीवर कोरलेलं होतं : व्यक्ती तीन.

ताईने कुलूपरावांकडे असं पाहिलं की त्यांच्या जागी मी असतो तर कुलूप न लावताच घरी गेलो असतो.

"मला कुणी सांगितलं नाही," कुलूपराव म्हणाले.

"मी लिहून दिलं होतं, साहेब. तीन आठवडे झाले. सूचनापेटीत आहे."

मोठ्या सिस्टर तोवर धापा टाकत वर पोचल्या होत्या. मिस्त्रीने त्यांना लिफ्टच्या कंपनीला फोन करायला सांगितलं. कंपनीचा माणूस दोन तासांनी येणार होता. त्यांच्या भाषेत दोन तास म्हणजे चार, हे मिस्त्रीने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

"हाताने उतरवता येते ना पण?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"येते की. गच्चीवरच्या खोलीत यंत्र आहे. ब्रेक सोडायचा, चाक हळूहळू फिरवायचं. पाच मिनिटांचं काम. खोलीला कुलूप आहे."

"किल्ली?"

कुलूपरावांनी कंबरेला हात लावला. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला. तो आवाज एवढा एकटा मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

ते जुडगा जाळीतून द्यायला पुढे झाले, तसा मिस्त्री कडाडला, "हात आत!" दीड वर्षात तो कुणावर ओरडल्याची नोंद फाइलमध्ये नव्हती. "आधी खालचं मुख्य बटण बंद. सिस्टर, मीटरच्या खोलीत लाल दांडा आहे, तो खाली ओढा आणि तिथे कुणाला तरी उभं करा. मध्येच मोटर थंड होऊन सुरू झाली आणि लिफ्ट हलली तर हात गेला. तोवर जाळीबाहेर बोटसुद्धा नको कुणाचं."

सिस्टर तीन मजले उतरल्या. दांडा ओढला, स्वयंपाक्याला तिथे उभं केलं आणि पुन्हा तीन मजले चढल्या. लिफ्टवर विश्वास नसण्याची किंमत त्या दिवशी त्यांनीच सगळ्यात जास्त मोजली. मग जुडगा बाहेर गेला.

आता खरा प्रश्न आला. कुलूपरावांनी घसा साफ केला. "नियम असा आहे की इथे राहणाऱ्या कुणालाही यंत्राच्या खोलीत जाता येणार नाही. समितीच्या परवानगीशिवाय."

"समिती इथेच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पाचपैकी चार आत, एक बाहेर. गणसंख्या पूर्ण. माझी परवानगी आहे."

"माझी नाही," ताई म्हणाली. "तो गच्चीवर जाणार नाही. मी राहते इथेच. जन्मभर राहते. मला डबा जाळीतून द्या."

"अगं ताई—"

"गप्प बस गधड्या! त्या दिवशी चार तास खाली उभी होते मी. तू वरून हात हलवत होतास. मला वाटत होतं, आता एक हात सुटेल." मग तिने पदराने घाम पुसला आणि घामच पुसला असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो.

डॉक्टरबाईंनी कुलूपरावांकडे पाहिलं. कुलूपरावांनी फाइलकडे पाहिलं. फाइलने कुणाकडेच पाहिलं नाही. कुलूपरावांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. ते हळूच म्हणाले, "जाऊ दे त्याला. माझीही परवानगी." त्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मीही मान डोलावली. बाहेरच्या सदस्याचं मुख्य काम तेच.

"बहुमत झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जा, मिस्त्री."

मिस्त्री उकिडवाच बसून राहिला. हातातला जुडगा त्याने फरशीवर ठेवला.

"मी नाही जाणार," तो म्हणाला.

"का?" आम्ही चौघं एकदम.

त्याने शर्टाच्या खिशातून एक कार्ड काढलं. पोस्टकार्डाएवढं, घडी पडून पडून मऊ झालेलं. "हे मी आणि सिस्टरनी मिळून लिहिलंय. माझी खूण. झोप चार तासांच्या खाली गेली किंवा सकाळी दोनदा दाढी केली, तर उंचीवर चढायचं नाही आणि हत्याराला हात लावायचा नाही. सिस्टरना सांगायचं."

"दोनदा दाढी?" मी विचारलं.

"त्या वेळी पाच दिवस रोज तीन तीन वेळा करत होतो. सुरुवात तिथूनच झाली होती." त्याने हनुवटीवरून हात फिरवला. "काल बैठकीच्या विचारात तीनच तास झोप लागली. आज सकाळी एकदा दाढी केली. दहा वाजता बघतो तर पुन्हा साबण लावलाय. सिस्टरना तेव्हाच सांगितलंय."

"सांगितलंय," जिन्यावर बसकण मारलेल्या सिस्टर म्हणाल्या. त्यांना बोलायला तेवढाच श्वास शिल्लक होता.

"आता हे तुम्ही फाइलमध्ये लिहाल," मिस्त्री आमच्याकडे न बघता म्हणाला, "आणि पत्र जाईल. जाऊ दे. पण आज मी वर गेलो, तर हे कार्ड खोटं ठरेल. मग माझ्याकडे उरलं काय?"

लिफ्टमध्ये कुणी हललं नाही. हलायला जागाही नव्हती.

"मग आम्ही असेच?" कुलूपरावांनी विचारलं. तो प्रश्न अधिकाऱ्याचा नव्हता, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाचा होता.

"असं कसं? सिस्टर आहेत ना. चाक त्या फिरवतील. स्वयंपाक्याला ब्रेकवर उभा करू, त्याच्या जागी दांड्यापाशी दुसरं कुणी. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर, दाराबाहेर. डोकं माझं, हात त्यांचे."

"मी?" सिस्टर म्हणाल्या. "मला मिक्सर चालवता येत नाही!"

"म्हणूनच. ज्याला येत नाही तो सांगितलेलं ऐकतो."

तर अशा रीतीने मोठ्या सिस्टरनी आयुष्यात पहिल्यांदा लिफ्ट चालवली, तीही बाहेरून. आम्हाला वरचं काही दिसत नव्हतं. जिना लिफ्टभोवतीच फिरत गेल्यामुळे ऐकू मात्र सगळं येत होतं.

"दोरांवर पिवळा रंग दिसतोय का, सिस्टर?"

"दिसतोय. घाण झालाय."

"तो रंग खालच्या पट्टीशी जुळला की लिफ्ट मजल्याशी लागली. आता ब्रेक थोडा सोड रे. थोडा! कणीक मळतोयस का? सिस्टर, चाक डावीकडे. सावकाश."

"वर नेणार ना आम्हाला?" कुलूपराव ओरडले. "बैठक वर आहे!"

"खाली, साहेब. तुमचं वजन खाली ओढतंय. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही."

लिफ्ट वीतभर खाली गेली. ताईने माझा दंड धरला. दुसऱ्या हाताने तिने फाइल धरली, एवढ्या जाड वस्तूचा आधार वाटत असावा.

"ताई," वरून आवाज आला, "घाबरलीस का?"

"मी कशाला घाबरू? तू कुठे उभा आहेस ते सांग."

"पायरीवर. कठड्याला धरून."

"दोन्ही हातांनी धर!"

"एका हातात कार्ड आहे."

आम्ही घाबरू नये म्हणून तो बोलत राहिला. लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन असतं, तो सांगू लागला. ते रिकाम्या डब्याएवढं ठेवलं तर भरलेला डबा वर जात नाही. भरलेल्याएवढं ठेवलं तर रिकामा डबा वर छताला आपटायला बघतो. म्हणून अर्ध्या भरलेल्याएवढं ठेवतात. "काही लोक म्हणतात, मग एवढी भानगड कशाला, बंदच ठेवा की. बंद लिफ्ट सगळ्यात सुरक्षित, खरं आहे. पण तिला लिफ्ट म्हणत नाहीत. तिला कपाट म्हणतात."

डॉक्टरबाईंनी अंधुक उजेडात वही काढली. ते वाक्य पुढे कुठल्यातरी परिषदेत त्यांच्या नावावर जमा होणार, हे मला तेव्हाच कळलं. कुलूपरावांनी मात्र काहीच लिहून घेतलं नाही. ते सोललेल्या पाटीकडे बघत होते.

वीस मिनिटांनी दुसऱ्या मजल्याची फरशी आमच्या पायांशी आली. "जुळलं!" वरून सिस्टरचा असा आवाज आला, जणू त्यांनी जहाज बंदराला लावलं. दार उघडलं, आम्ही बाहेर पडलो. ताई थेट जिना चढत गेली. मिस्त्री खरोखरच वरच्या पायरीवर, कठड्याला धरून उभा होता. तिने त्याची हनुवटी धरली आणि गालावरून हात फिरवला.

"दोनदाच केलीस ना? तिसरी नाही ना?"

"नाही गं."

"मग जेव, गोळी घे आणि झोप. बैठकीचं मी बघते."

बैठक जिन्यातच झाली, कारण वर चढायचं त्राण फक्त ताईत होतं. कुलूपराव पायरीवर बसले, फाइल मांडीवर. त्यांनी ती उघडली, शेवटपर्यंत चाळली आणि म्हणाले, "ह्यात अकराशे बारा पानं आहेत. काय काय होऊ शकतं ते सगळं आहे. पण त्याला स्वतःला आधी कळतं, हे कुठेच नाही."

"म्हणजे पत्र द्यायचं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कार्डासकट द्यायचं," ताई म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "असे बघताय काय? स्टुलावर बसवला असता तर त्याने मला ते कार्ड कधी दाखवलं असतं का? स्टुलावर कार्ड लागतच नाही." मग बोट नाचवत तिने अटी घातल्या. मालकांनी कार्डाची एक प्रत कामाच्या जागी लावायची. खालचं काम आणि वरचं काम असे दोन भाग करायचे. खुणेच्या दिवशी मिस्त्रीने खालचंच काम घ्यायचं, आणि त्याबद्दल कुणी त्याला बोल लावायचा नाही. "आणि रोज सकाळी मी फोन करणार."

"ते कलम वेगळं लिहायला नको," सिस्टर म्हणाल्या. "तसंही तुम्ही करालच."

कुलूपरावांनी सही केली. मग जुडग्यातून एक किल्ली सोडवली, सूचनापेटीची, आणि सिस्टरच्या हातात दिली. "रोज उघडत चला," ते म्हणाले. उघडली तेव्हा आत नऊ सूचना निघाल्या. सात मिस्त्रीच्या होत्या. उरलेल्या दोन कुलूपरावांच्याच होत्या. आणखी कुलपं हवीत, अशा.

दोन रात्री नीट झोप झाल्यावर मिस्त्रीने कंपनीच्या माणसाबरोबर ती लिफ्ट दुरुस्त केली. त्यांच्या धंद्यात एक रीत आहे : दुरुस्तीनंतरची पहिली फेरी मिस्त्रीने स्वतः करायची. तो आत शिरला. पाठोपाठ ताई शिरली, विचारायचा प्रश्नच नव्हता. कुलूपराव शिरले. मीही पाय टाकणार, तेवढ्यात कुलूपरावांनी उघड्या पाटीकडे बोट केलं आणि मला नम्रपणे बाहेर काढलं. ते तिघं वर गेले. मी जिन्याने गेलो आणि मध्येच जिना चढणाऱ्या मोठ्या सिस्टर भेटल्या. आता लिफ्ट स्वतः चालवून पाहिल्यामुळे त्यांचा तिच्यावर मुळीच विश्वास उरला नव्हता.

चारेक महिन्यांनी एका इमारतीत माझं काम होतं. तळमजल्यावर लिफ्टशेजारी मिस्त्री जमिनीवर मांडी घालून बसलेला, समोर तारांची पेटी उघडी. वर टपावर त्याचा जोडीदार काहीतरी ठोकत होता.

"काय मिस्त्री, आज वर नाही?"

"काल साडेतीन तास झोप." तो तारेचं टोक सोलत म्हणाला. "आज खालचं काम."

"आणि उद्या?"

"उद्या वर. झोप लागली तर." इतक्यात त्याचा फोन वाजला. "हो ताई... एकदाच... हो, एकदाच गं, शेजारी साक्षीदार उभे आहेत." फोन ठेवून त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमची झोप किती झाली, साहेब?"

आदल्या रात्री जुन्या खात्याने पेन्शनच्या कागदांवर शंका काढलेलं पत्र आलं होतं आणि पहाटेपर्यंत मी त्याला उत्तर लिहीत होतो. "अडीच तास," मी म्हणालो.

"आणि काम कितव्या मजल्यावर आहे?"

"सहाव्या."

त्याने शेजारची पिशवी बाजूला सारून मला बसायला जागा केली.

"बसा," तो म्हणाला. "ही तार धरा. तुम्हीही आज खालचंच काम करा."